संग्रहालयाच्या शिक्षण विभागात इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की इतिहास, पुरातत्त्व, कला, मास मीडिया, बी.एड. अशा सगळीकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. संग्रहालयांच्या शिक्षण आणि लोककार्यक्रम विभागात बराच काळ काढल्यावर जी उत्तरं द्यावीशी वाटतात, ती इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या इतिहास-संग्रहालयांची आहेत. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात, तेव्हा तारखा आणि अटी त्यांच्याकडूनच पक्क्या करून घ्या.

शिक्षण आणि लोककार्यक्रम विभाग म्हणजे नेमकं काय?

संग्रहालयात काही माणसं वस्तू जपतात, काही वस्तूंचा अभ्यास करतात. दारातून आत आलेल्या माणसाची आणि त्या वस्तूची गाठ घालून देतात ती आमच्या खात्यातली. शाळांच्या सहली, दालनफेऱ्या, सुट्टीतली शिबिरं, व्याख्यानं, शिक्षकांसाठी कार्यशाळा, दृष्टिहीन पाहुण्यांसाठी स्पर्शफेऱ्या हे सगळं यात येतं. जे संग्रहालयापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जाणंही यातच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आणि २०१९ मध्ये आवारातच मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं.

पण सगळीकडे असा थाट नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हे अख्खं खातं म्हणजे एकच माणूस असतो आणि गर्दीच्या दिवशी तोच तिकीट खिडकीवरही बसतो. शिकायला मात्र तिथे जास्त मिळतं, असं माझं मत आहे.

म्हणजे गाइडचंच काम ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे जोडले गेले. चांगला गाइड हे सगळं दोन मिनिटांत नीट सांगेल आणि पुढे जाईल. त्यात वाईट काहीच नाही.

शिक्षण विभागातली व्यक्ती यातलं एक अक्षर सांगत नाही. ती सातवीच्या मुलांना हत्तीभोवती एक फेरी मारायला लावते आणि म्हणते, "याला काहीतरी झालंय. काय झालंय ते शोधा." पहिलं मिनिट दंगा होतो. मग एखादी मुलगी हत्तीच्या पोटाजवळ वाकून बघते आणि ओरडते, "मॅडम, याला टाके घातलेत!" सगळी पोरं तिकडे धावतात आणि सांधे मोजायला लागतात. कोणी मोडला? मुद्दाम मोडला का? जोडला तर मग परत घारापुरीला का नाही नेला? आता १८६४ सांगायची वेळ आली. आता ते ऐकतात, कारण प्रश्न त्यांचा आहे.

शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. वस्तू मूळ जागी असावी की संग्रहालयात, यावर जाणकारांचंही एकमत होत नाही. सातवीच्या मुलांनाही ते तसंच सांगायचं.

इंटर्नने शिकायचं ते हे. माहिती पाठ असणं ही पहिली पायरी. ती केव्हा खिशातच ठेवायची, हे कळायला बरेच आठवडे जातात.

इतिहासाची पदवी लागते का?

नाही. इतिहासवाल्यांना वस्तूपेक्षा सनावळीचा मोह जास्त असतो. बी.एड., समाजकार्य, नाटक, चित्रकला, विज्ञान शिकलेल्या मुलांनी हे काम फार छान केलेलं मी पाहिलं आहे. नाटकवाल्यांना आवाज कुठवर पोचवायचा ते माहीत असतं, आणि बालवाडीच्या शिक्षिकेला तीस मुलं एका जागी कशी बसवायची ते. पण रुजू होण्याआधी संग्रहालयाच्या इमारतीचा इतिहास तरी वाचून या. बऱ्याचदा इमारत हाच पहिला नमुना असतो. काळाघोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि इमारत १९१४ पर्यंत तयारही झाली. पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी दार उघडलं ते १९२२ मध्ये. घुमटाखालच्या मुख्य दालनात नाशिककडच्या एका वाड्यातलं लाकडी कमानकाम आणून बसवलेलं आहे. मान वर करून ते बघणारे लोक फारच थोडे. "या दालनात एके काळी जखमी सैनिकांच्या खाटा होत्या" एवढं एकच वाक्य टाकून बघा, आठवीच्या वर्गाचा आवाज आपोआप खाली येतो.

मोडी वाचता येत असेल तर अर्जात ठळक लिहा. महाराष्ट्रातच नव्हे, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत मोडी कागदांचे गठ्ठे आहेत आणि ते वाचणारी तरुण माणसं मोजकीच आहेत.

रोजचा दिवस कसा जातो?

शाळांच्या सहलींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. त्यातला एक दिवस असा असतो.

सकाळी साडेनऊला शाळेतून फोन येतो, बस वाटेत अडकली आहे. पत्रात चाळीस मुलं लिहिलेली असतात, उतरतात नव्वद. सगळ्यात आधी स्वच्छतागृह. हे विसरलात तर पुढचा तासभर दर पाच मिनिटांनी एक करंगळी वर येते. मग दप्तरं कुठे ठेवायची, पाण्याच्या बाटल्या आत नेता येतात का, डबा खायला सावली कुठे आहे, बस कुठे उभी करायची. सुरक्षारक्षकाशी तुमची ओळख चांगली असेल तर यातलं निम्मं काम तोच उरकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांची नावं पाठ करा, क्युरेटरची नावं नंतर शिकलात तरी चालेल.

मग गट पाडायचे. एका माणसामागे वीस-पंचवीस मुलं, त्याहून जास्त नाहीत. एका तासात सगळं संग्रहालय दाखवायचा आग्रह शिक्षकांचा असतो, कारण त्यांनी पालकांकडून पैसे घेतलेले असतात. त्यांना न दुखवता पाच-सहा वस्तूंवर आणायचं, हे खरं कौशल्य आहे. "बाई, आधी ही सहा नीट बघू, मग उरलेलं मुलं हवं तसं फिरतील" असं म्हटलं की बहुतेक जणी मानतात.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. काही शाळांत मुलांना वही देऊन लेबलं उतरवून आणायला सांगतात. मुलं शोकेसकडे पाठ करून, गुडघ्यावर वही ठेवून "कांस्य, ११वे शतक" लिहीत बसतात. मूर्तीचा चेहरा कसा होता म्हणून विचारा, एकालाही सांगता येत नाही. तुमच्यासमोर असं झालं तर शिक्षकांशी वाद घालू नका. मुलांना वहीच्या मागच्या पानावर त्या मूर्तीचा फक्त हात काढायला सांगा. हात काढायचा तर बघावं लागतं.

दुपार फोन, ईमेल आणि अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये जाते. शाळांना फोन करणं हा इंटर्नच्या कामाचा मोठा भाग आहे आणि मुलाखतीत तो कुणी सांगत नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना पत्र, वरिष्ठांची परवानगी, बसची सोय असं सगळं लागतं. हे कंटाळवाणं आहे खरं, पण ते केलं नाही तर संग्रहालयात फक्त स्वतःची बस असलेल्या शाळाच येतात.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल का?

चालेल. मोठ्या संस्थांचा अंतर्गत पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, तेवढ्यापुरतं इंग्रजी लागेल. पण दारातून येणाऱ्यांत मोठा भाग मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांचा असतो, आणि त्यांच्याशी सहज, पुस्तकी न होता बोलणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात. "सदर शिल्प हे शैव संप्रदायाशी निगडित असून" असं बोलायला लागलात की समोरचं कुटुंब हळूच पुढच्या शोकेसकडे सरकतं. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी येत असेल तर लाजू नका, वापरा.

मला चारचौघांत बोलायची भीती वाटते.

मग या कामासाठी तुम्ही बरे आहात. बडबडे इंटर्न मुलांना बोलूच देत नाहीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्र्या, फणेरपेट्या अशा घरगुती वस्तूंचा मोठा साठा आहे. कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर केळकरांनी त्या गावोगाव हिंडून जमवल्या. संग्रह सुमारे २० हजार वस्तूंचा आहे. अशा दालनात एखादं तीन पिढ्यांचं कुटुंब आलं की इंटर्नने नातवाला विचारायचं, "हे कशासाठी असेल?" आणि मग आजीकडे बघून गप्प राहायचं. आजी सांगायला लागतात. सुपारी कशी धरायची, अडकित्त्याचा आवाज कसा यायचा, माहेरी कोणता होता. ते लेबलवर लिहिलेलं नसतं आणि तुम्हाला ते सांगताही आलं नसतं. तुम्ही तिथे उभं राहून ऐकायचं आणि जमलं तर नंतर टिपून ठेवायचं.

गटासमोर उभं राहायची सवय हळूहळू होते. सुरुवातीला दुसऱ्याच्या फेरीत मागे राहा आणि मुलं कुठे लक्ष देतात, कुठे चुळबुळतात ते बघा.

"हे खरं आहे का?" असं लोकांनी विचारलं तर?

शिवकालीन वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न रोज येतो आणि त्यात भावना असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या मुदतीने उसनी आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती बघायला आलेल्या प्रत्येकाच्या ओठावर एकच प्रश्न होता : हीच का ती, अफजलखानाच्या वेळची?

आपल्याला काय माहीत आहे ते नीट सांगायचं. वाघनखांच्या पेटीवर एक मजकूर आहे. ती शिवाजी महाराजांची आहेत आणि पेशव्यांच्या कारभाऱ्याने साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ याला दिली, असं त्यात लिहिलं आहे. ग्रँट डफ साताऱ्याला आला तो १८१८ मध्ये, म्हणजे प्रतापगडच्या भेटीनंतर दीडशे वर्षांहून जास्त काळाने. मधल्या काळाचा पुरावा हाती नाही, आणि हीच ती वाघनखं याची खात्री करता आलेली नाही असं लंडनच्या संग्रहालयानेही सांगितलं आहे. इतकं सांगून थांबायचं. "खोटी आहेत" असं तुम्ही म्हणायचं नाही, कारण तेही सिद्ध झालेलं नाही. कुणी चिडलं तर आवाज चढवू नका, वरिष्ठांना बोलवा. पण बहुतेक लोक चिडत नाहीत. पेटीवरचा मजकूर, तो कोणी लिहिला असेल, का लिहिला असेल, यात त्यांना रस वाटतो. पुरावा कसा तपासतात हे सांगायला याहून चांगली संधी मिळायची नाही.

वस्तू हाताळायला मिळतात का?

मूळ वस्तू जवळजवळ नाहीच. घामातले क्षार आणि तेल धातूला, कापडाला, कागदाला खातात. मुलांच्या हातात द्यायला प्रतिकृती, साध्या खापऱ्या, नाण्यांचे ठसे असतात आणि त्यांची जबाबदारी इंटर्नवर असते. दालनात पेन चालत नाही, पेन्सिलच चालते, कारण शाईचा डाग निघत नाही. शिबिरात रंग आणि पाणी असेल तर ते दालनाबाहेरच्या खोलीत. साठवणीच्या खोलीत तुम्हाला एकट्याला कुणी पाठवणार नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

कार्यक्रम आखायची संधी मिळते?

मिळते, पण छोट्या कार्यक्रमाची. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन, १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह, या तीन तारखांभोवती सगळीकडे काही ना काही चालतं आणि हातांची गरज असते. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतली शिबिरंही तशीच.

इंटर्नच्या प्रस्तावात दोन गोष्टी हमखास राहतात. एक, खर्च : खुर्च्या, माइक, चहा, वक्त्याचं मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं. दुसरी, हा कार्यक्रम कोणासाठी आहे. "सर्वांसाठी" असं लिहिलं की ते कोणासाठीच नसतं. "आसपासच्या सोसायट्यांमधल्या घरकाम करणाऱ्या बायका, दुपारी दोन ते तीन, कारण दोन कामांच्या मधे त्यांना तेवढाच वेळ असतो" असं कुणी लिहून आणलं तर मी तो कागद वरपर्यंत घेऊन जाईन.

पैसे मिळतात का?

बऱ्याच ठिकाणी नाही. प्रमाणपत्र मिळतं. काही मोठ्या विश्वस्त संस्था विद्यावेतन देतात, काही जण निदान प्रवासखर्च देतात. बाहेरगावाहून येऊन मुंबईत खोली घेऊन बिनपैशाचं पूर्णवेळ काम करणं बहुतेकांना परवडत नाही, आणि म्हणूनच या क्षेत्रात ठरावीक घरांतलीच मुलं दिसतात. हे बदलायला हवं. तोवर तुम्ही निवड झाल्यावर लाजत न बसता ईमेलवर तीन गोष्टी विचारा : विद्यावेतन किती, प्रवासखर्च मिळतो का, आठवड्यातून किती दिवस. आठवड्यातून तीन दिवसांची मागणी बरेच जण मान्य करतात.

कॉलेजचे क्रेडिट मिळतील का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट आहेत. ४ क्रेडिट असतील तर साधारण १२० तासांचं काम धरतात. कॉलेजचं पत्र रुजू होण्याआधी आणा, हजेरीच्या कागदावर दर आठवड्याला सही घ्या. शेवटच्या दिवशी सगळ्या सह्या मागायला आलेल्या इंटर्नवर कार्यालयातलं कुणीच खूश नसतं.

मुंबई-पुण्याबाहेर काय आहे?

भरपूर आहे, आणि तिथे रांगही नाही. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ पासूनचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथल्या संस्थानिक पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे आणि तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पॉसिडॉनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव काय करत होता, या एका प्रश्नावर दहावीच्या वर्गाचा तास रंगतो. धाराशिव जिल्ह्यात तेरला सातवाहनकालीन वस्तूंचा अप्रतिम संग्रह आहे. यातल्या सरकारी संग्रहालयांत छापील इंटर्नशिप योजना नसेलही. तुम्ही पत्र घेऊन गेलात, काय करणार ते एका पानात लिहिलंत आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून परवानगी येईपर्यंत धीर धरलात, तर काम होऊ शकतं. जुन्या गोव्यातलं संग्रहालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं आहे, तिथे परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागते.

आईवडील विचारतात, पुढे नोकरी आहे का?

आहे, पण थोडी. सरकारी पदं कमी आणि भरती सावकाश. खाजगी आणि विश्वस्त संग्रहालयं, वारसाफेऱ्या घडवणाऱ्या संस्था, शाळांमधले उपक्रम, बँका आणि कंपन्यांची स्वतःची संग्रहालयं इथे जागा निघतात, पण बहुतेक कंत्राटी. म्युझिऑलॉजीची म्हणजे संग्रहालयशास्त्राची पदविका किंवा पदवी असेल तर फरक पडतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विभाग देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी आहे आणि मराठी मुलं तिथे पूर्वीपासून जात आली आहेत. शिवाय या कामात जे शिकता ते शिक्षकी पेशात, पत्रकारितेत, नाटकात उपयोगी पडतं. पण पहिल्या वर्षी पगार बघून आईला धक्का बसेल, तेव्हा तिला आधीच कल्पना द्या.

अर्जात काय लिहू?

"मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे" हे वाक्य काढून टाका. ते प्रत्येक अर्जात असतं.

त्याऐवजी आधी तिकीट काढून संग्रहालयात जा, एका वस्तूसमोर अर्धा तास बसा आणि ती वस्तू तुम्ही पाचवीच्या मुलांना कशी दाखवाल ते दीडशे शब्दांत लिहा. सोबत एक पानाचा बायोडेटा, कॉलेजचं पत्र, येणाऱ्या भाषा, आणि नेमक्या कोणत्या तारखांना मोकळे आहात ते. उन्हाळ्यासाठी अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर फोन करा, त्यात आगाऊपणा काही नाही. फक्त त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे ना ते बघून घ्या : भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी.